वायफायचे दुकान : आधी हिशेब, मग पाटी



शेतीला जोड म्हणून गावात वायफायचे दुकान टाकावे काय, असा प्रश्न तालुक्याच्या बैठकीत तरुण पोरे आता विचारू लागली आहेत. फायबरच्या तारेने आलेले इंटरनेट एका डबीतून आसपासच्या मोबाइलवर सोडायचे, आणि वापरणाऱ्याकडून तासाचे, दिवसाचे, महिन्याचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा. सरकारने त्यासाठी परवान्याची अट काढून टाकली आहे. भांडवल फार लागत नाही. चहाच्या टपरीवरसुद्धा करता येतो. मग का करू नये?

आमचे उत्तर सरळ आहे. करावा, पण सगळ्यांनी नव्हे, कर्ज काढून नव्हे आणि हिशेब मांडल्याशिवाय तर मुळीच नव्हे. हे उत्तर असे का, ते या अंकात सविस्तर मांडतो आहोत.

जोडधंद्याचा उपदेश

आधी एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ. कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंद्याचे उपदेश काही नवे नाहीत. कापसाला भाव नाही म्हटले की उत्तर येते, गाय पाळा. ज्वारी परवडत नाही म्हटले की उत्तर येते, शेळ्या घ्या, कोंबड्या घ्या, तुती लावा. मूळ धंदा का बुडतो हे कोणी विचारायचे नाही. बुडणाऱ्याने दुसरा धंदा काढून पहिल्याचा तोटा भरून काढायचा. गळक्या रांजणाचे भोक तसेच ठेवून दुसऱ्या विहिरीचे पाणी त्यात ओतत राहण्यासारखा हा प्रकार आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला. संकरित ज्वारीचा ३६९९ रुपये, मालदांडीचा ३७४९ रुपये. त्या भावात बियाणे, खत, फवारणी, वेचणी आणि घरच्या माणसांची मजुरी निघते की नाही हा वेगळा झगडा आहे, आणि वायफायच्या डबीने तो मिटणार नाही. कोणी पुढारी सभेत उभा राहून ‘भाव मागू नका, वायफाय विका’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा.

हे एकदा पक्के केले की मग हा धंदा धंदा म्हणून तपासायला हरकत नाही. धंद्याशी आपले वैर नाही. वैर आहे ते परवान्याशी, मक्तेदारीशी आणि खोट्या हिशेबाशी.

पिवळ्या पाट्यांचा धडा

असा धंदा आपल्या भागाने एकदा पाहिला आहे. ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना एस.टी.डी.-पी.सी.ओ.च्या पिवळ्या पाट्या आठवत असतील. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या धुळीत आणि उन्हात टिकणारी टेलिफोन एक्सचेंजे इथेच तयार केली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बसस्थानकाशेजारी, दवाखान्यासमोर, बाजाराच्या गावात हे बूथ उभे राहिले. रात्री दर कमी होई म्हणून लोक रांग लावत. कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला गेलेल्या माणसाचा निरोप गावातल्या बूथवर येई आणि बूथवाला पोरगे पाठवून घरच्यांना बोलावून घेई. अपंगांना बूथ देताना प्राधान्य असे, आणि अशा कितीतरी घरांची चूल त्या काचेच्या खोलीवर पेटली.

त्या धंद्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, बूथ मिळवायला खात्याकडे अर्ज करावा लागे आणि मंजुरीची वाट पाहावी लागे. मंजुरी आली की दलाली आली. दुसरी अशी की, तो धंदा आला तसाच गेला. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल फोन वाजला. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले. पुढच्या काही वर्षांत पिवळ्या पाट्या उतरल्या. ज्यांनी बूथच्या पैशातून किराण्याचे दुकान मांडले ते टिकले. ज्यांनी बूथ जन्मभर चालेल असे धरून कर्ज काढले ते फसले.

वायफायच्या दुकानात पहिली अडचण आज नाही. दुसरी मात्र आहे तशीच आहे.

योजना काय आहे

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ या योजनेला मंजुरी दिली. तिची मूळ शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१७ मध्ये केली होती. योजनेत चार घटक आहेत.

पहिला घटक म्हणजे आपण, दुकानदार. त्याला सार्वजनिक डेटा कार्यालय किंवा पीडीओ म्हणतात. नाव मोठे आहे, पण एक राउटर, एक फायबरची जोडणी आणि बसायला जागा एवढेच ते कार्यालय. त्याला परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. दुसरा घटक म्हणजे अशा अनेक दुकानांची मोट बांधणारी कंपनी, पीडीओए. ग्राहकाची ओळख पटवणे, पैशांचा हिशेब आणि वापराची नोंद ठेवणे हे तिचे काम. तिसरा घटक म्हणजे ग्राहकाच्या मोबाइलवरचे ॲप. त्यात जवळची वायफाय दुकाने दिसतात. चौथा घटक म्हणजे या सगळ्यांची केंद्रीय नोंदवही. ती सी-डॉट सांभाळते. दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते ती फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकाला.

ग्राहकाने एकदा ॲपमध्ये मोबाइल क्रमांक टाकला आणि आलेला ओटीपी भरला की काम झाले. मग तो परळीत असो की पंढरपुरात, योजनेतल्या दुकानावर कूपन घेऊन इंटरनेट वापरू शकतो.

इथे एक इशारा. घरगुती जोडणी घ्यायची आणि पासवर्ड सांगून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, हा या योजनेतला धंदा नव्हे. जोडणी देणाऱ्या कंपनीच्या अटी त्यात मोडतातच. शिवाय त्या जोडणीवरून कोणी फसवणूक केली तर पोलिसांना नाव सापडते ते फक्त तुमचे, कारण जोडणी तुमच्या नावावर आणि वापरणाऱ्याची नोंद कुठेच नाही. योजनेत राहिलात तर कोणी, केव्हा वापरले याची नोंद मोट बांधणाऱ्या कंपनीकडे असते.

परवाना नाही, शुल्क नाही. सरकारने शेतीमालाच्या व्यापारावर कधी एवढी कृपा केली असती तर आपल्याला रस्त्यावर बसावे लागले नसते. मग गावोगाव दुकाने का दिसत नाहीत? २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत देशात एक कोटी वायफाय ठिकाणे करायचे ठरवले होते. २०२४ मध्ये पीएम-वाणीची ठिकाणे होती दोन लाखांच्या आसपास. शंभर पोत्यांचा अंदाज आणि घरात दोन पोती. असे पीक आले तर आपण बियाण्याला दोष देऊ, नाहीतर पाण्याला. इथे दोष होता कच्च्या मालाच्या भावात.

तारेचा भाव कोण ठरवतो

वायफायच्या दुकानाचा कच्चा माल म्हणजे मागून येणारी इंटरनेटची तार. घरी फायबर घेतले तर महिन्याला काही शे रुपयांत भागते. पण दुकान म्हटले की कंपन्या लीज्ड लाइन घ्या म्हणत. ती मोठ्या कचेऱ्यांसाठीची तार. तेवढ्याच वेगाच्या घरगुती फायबरच्या तुलनेत तिचा खर्च ४० ते ८० पट येतो, हे खुद्द ट्रायने २०२४ मध्ये मांडले. परवाना माफ करून कच्चा माल ४० पट महाग ठेवायचा, याचा अर्थ दरवाजा उघडा ठेवून उंबरठा छातीएवढा उंच करायचा, असा होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने मसुदा काढला की, घरगुती ग्राहकाला जो दर, तोच दुकानदाराला लावावा. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, घरगुती दराने माल घेऊन तो पुढे विकणे गैर आहे, आणि मोबाइलचा डेटा इतका स्वस्त असताना अशा दुकानांची गरजच नाही. अखेर जून २०२५ मध्ये आदेश निघाला. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना कंपन्यांनी पीडीओंनाही द्यायच्या, आणि त्याच वेगाच्या घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाही.

हा आदेश प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावा. कंपनीच्या माणसाने ‘दुकानासाठी लीज्ड लाइनच घ्यावी लागेल’ म्हटले, तर त्याच्यापुढे ट्रायच्या जून २०२५ च्या आदेशाचे नाव घ्यावे. दुप्पट दर आम्हाला न्याय्य वाटत नाही. एका तारेतून शंभर जणांनी पाणी प्यायले म्हणून तार ओढायचा खर्च काही दुप्पट होत नाही. पण दुप्पट दरात धंदा होऊ शकतो, ४० पटीत होऊ शकत नाही. हे शब्दांनी नव्हे, आकड्यांनीच पाहू.

वहीतला हिशेब

कापसाचा उत्पादन खर्च मांडताना आपण घरच्या माणसाची मजुरी धरतो. इथेही धरायची. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत.

राउटर, बाहेर लावायची पेटी आणि वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी मिळून ७५०० रुपये धरू. तीन वर्षांत ते वसूल करायचे म्हटले तर महिन्याला २१० रुपये. डबी दिवसरात्र चालली तर महिन्याला नऊ युनिटच्या आत वीज जाते; तिचे ९० रुपये धरू. रोज अर्धा तास कूपन देणे, अडलेल्याला ॲप समजावणे, तार तुटली तर फोन करत बसणे, यात महिन्याचे १५ तास जातात. दोन दिवसांची मजुरी म्हणून ८०० रुपये. हे झाले ११०० रुपये. घरगुती फायबर ५०० रुपयांचे धरले तर १८ टक्के जीएसटीसह ५९० रुपये. एकूण खर्च १६९०.

कूपन दहा रुपयांचे धरू. त्यातला काही वाटा मोट बांधणारी कंपनी घेते. किती, ते करारावर अवलंबून. तीन रुपये धरले तर आपल्या हातात सात राहतात. १६९० रुपये निघायला महिन्याला २४२ कूपने, म्हणजे रोज आठ-नऊ खपली पाहिजेत. तारेला दुप्पट दर पडला तर खर्च २२८० होतो आणि रोज अकरा कूपने लागतात. लीज्ड लाइन घेतली आणि ४० पटच धरली, तर खर्च २४,७०० रुपये होतो आणि रोज ११८ कूपने खपवावी लागतात. खेड्यात रोज ११८ कूपने कोण घेणार? दोन लाखांवर गाडी का अडली, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

आता चांगला दिवस धरू. रोज २५ कूपने खपली तर महिन्याला ५२५० रुपये हातात येतात. खर्च जाऊन घरगुती दरात ३५६० उरतात, दुप्पट दरात २९७०. म्हणजे महिन्याला अर्धा क्विंटल कापसाहूनही कमी. हे पैसे लहान नाहीत. पोराच्या शिकवणीची फी, म्हातारीचे औषध त्यात निघेल. पण यावर संसार उभा राहत नाही, आणि कर्जाचा हप्ता तर नाहीच नाही.

गिऱ्हाईक कोण

रोज २५ माणसे वायफायसाठी दहा रुपये का देतील? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण मोठमोठे यात अडखळले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गुगल आणि रेलटेल यांनी फुकट वायफाय सुरू केले आणि २०१८ पर्यंत ४०० स्थानकांवर नेले. मध्येच, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि मोबाइलचा डेटा मातीमोल झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने ही सेवा आवरती घेत असल्याचे जाहीर केले. ज्याच्या खिशातच विहीर आहे तो दुसऱ्याच्या पाणपोईवर का थांबेल? रेलटेलने स्थानकांवर वायफाय पुढे चालू ठेवले. पहिला अर्धा तास फुकट आणि नंतर पैसे, अशी घडी २०२१ मध्ये घातली. तेव्हाचा सर्वांत छोटा दर होता दिवसाला ५ जीबीसाठी दहा रुपये.

पण सगळ्यांच्या खिशातली विहीर सारखी भरलेली नाही. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. त्या वेळी जिओचे एका जीबीचे जादा पाकीट १५ चे १९ रुपये झाले, एअरटेलचे १९ चे २२. दिवसाचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपवणारा विद्यार्थी, फक्त फोन चालू राहावा एवढेच रिचार्ज करणारा शेतमजूर आणि बालाघाटाच्या घड्यांमध्ये रेंज न मिळणाऱ्या वाडी-तांड्यावरचा माणूस, ही आपली तीन गिऱ्हाइके.

आणि आता शेतकऱ्यालाही इंटरनेट ही चैन राहिलेली नाही, ती सक्ती झाली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवरून करावी लागते. शेतकरी ओळख क्रमांक आला. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाने कापूस घेण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी आणि मग माल आणण्याची वेळ ठरवणे बंधनकारक केले. म्हणजे ७७१० रुपयांचा भाव कागदावर मिळाला तरी तो हातात पडायला इंटरनेट पाहिजे. ज्याच्या गावात रेंज नाही त्याने गाडी काढून परळीला यायचे, नाहीतर गावातच व्यापाऱ्याला पडेल भावाने कापूस घालायचा. सक्ती सरकारची आणि तारेचा खर्च शेतकऱ्याचा, हे आम्हाला मान्य नाही. जिथे नोंदणी सक्तीची, तिथे ती करण्यापुरते इंटरनेट फुकट पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत गावातले एक वायफाय दुकान पाचशे रुपयांचा हेलपाटा वाचवत असेल, तर दहा रुपये जड नाहीत.

जागा पाहून दुकान

हा धंदा जागेचा आहे. साधा राउटर भिंती ओलांडून वीस-तीस मीटर जातो, मोकळ्यावर फार तर शंभरेक मीटर. म्हणून माणसे जिथे येतात आणि थांबतात तिथेच तो चालतो.

परळीत अशा जागा आहेत. वैजनाथाच्या दर्शनाला महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी होते. गर्दीत मोबाइलचा वेग मंदावतो आणि फोटो पाठवायची घाई मात्र तेव्हाच असते. पण हे गिऱ्हाईक सणासुदीचे. बाराही महिने त्याच्यावर विसंबता येत नाही. परळी रेल्वेचे जंक्शन आहे, परभणीकडची आणि विकाराबादकडची गाडी इथे मिळते. मात्र स्थानकाच्या आत रेलटेलचे वायफाय देशात सहा हजारांहून अधिक ठिकाणी आहे. त्याच्याशी स्पर्धा करू नये. दुकान टाकायचे ते स्थानकाबाहेर, रिक्षातळावर आणि बसस्थानकासमोर. नगर-बीड-परळी मार्गावर अहिल्यानगर ते बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. बीडपासून परळीपर्यंतचा तुकडा पुरा होईल तेव्हा परळीची वर्दळ वाढेल. पण जी गाडी अजून आलेली नाही तिच्या भरवशावर आज पैसे गुंतवू नयेत.

शेजारच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे खेड्यापाड्यातून आलेले नातेवाईक आठ-आठ दिवस बाहेर बसून असतात. घरी फोन लावायचा, पैसे मागवायचे, कागद काढायचे. अशा ठिकाणी चहाच्या हॉटेलात लावलेली डबी चालेल. सिरसाळा, धर्मापुरी, घाटनांदूर अशा येण्याजाण्याच्या गावांत किराणा दुकान, दूध संकलन केंद्र किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला ती परवडेल, कारण त्याचा माणूस तिथे बसलेलाच असतो आणि आपल्या हिशेबातली ८०० रुपयांची मजुरी जवळजवळ वाचते. कूपनाइतकाच फायदा त्याला जादा खपलेल्या चहा-बिस्किटात होईल. बचत गटाच्या बायांनी गिरणीजवळ, दळण होईपर्यंत थांबणाऱ्यांसाठी डबी लावली तर तीही चालेल.

आणि कुठे चालणार नाही? ज्या गावात चारही कंपन्यांची चांगली रेंज आहे तिथे नाही. शंभर उंबऱ्यांच्या वाडीत फक्त वायफायसाठी माणूस बसवून नाही. शिवाय बीड जिल्ह्याचे एक दुखणे विसरू नका. दसरा झाला की ऊसतोडीला अर्धीअधिक गावे रिकामी होतात ती पार उन्हाळ्यापर्यंत. हाताशी मोबाइल असलेली कर्ती माणसेच फडावर जातात. पाच-सहा महिने गिऱ्हाईक निम्म्यावर येईल हे धरूनच वर्षाचा हिशेब करा. रोज २५ ची १२ झाली तर दुप्पट दराच्या तारेवर कसेबसे तोंडमिळवणी होते, आठ झाली तर तोटा.

पंचायतीत कुलूपबंद तार

सर्वांत स्वस्त तार खरे तर गावात आलेली असायला हवी. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्याने महानेट नावाने काम केले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी आणखी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा कमी पडला असे म्हणायला जागा नाही. तरी किती ग्रामपंचायतींत यंत्र कपाटात बंद आहे, किती ठिकाणी रस्ता रुंद करताना जेसीबीने तार तोडली आणि पुन्हा कोणी जोडली नाही, हे आपापल्या गावात जाऊन पाहा.

याच योजनेत गावातल्या तरुणाला दुसरी वाट आहे. तो ‘उद्यमी’ म्हणून भारतनेटची तार घराघरांत नेऊ शकतो, जोडण्यांची देखभाल करू शकतो आणि उत्पन्नात निम्म्या वाट्याचा धनी होतो. कूपने विकण्यापेक्षा हे काम अधिक कष्टाचे आणि अधिक भरवशाचे आहे, कारण घरची जोडणी दर महिन्याला पैसे देते. शाळा, दवाखाना, सोसायटी आणि वीस-पंचवीस घरे मिळाली, तर त्याच तारेवर चौकात वायफायची डबी लावणे हा वरकड फायदा ठरतो. तरुणांनी चौकशी करायची तर आधी याची करावी.

फसवणुकीपासून सावध

शेतात मोबाइलचा टॉवर बसवून देतो, महिना इतके भाडे, आधी अनामत भरा, अशा फोनवर आपल्या भागातल्या कितीतरी लोकांनी पैसे घालवले आहेत. वायफायच्या नावाने तेच लोक उद्या तुमच्या दारात येतील. ओळखायची खूण सोपी आहे. पीडीओला सरकारी परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. म्हणून ‘परवाना काढून देतो’, ‘गावाची एजन्सी देतो’, ‘सरकारी शुल्क भरा’ म्हणणारा माणूस खोटा. करार करण्याआधी मोट बांधणाऱ्या कंपनीचे नाव पीएम-वाणीच्या केंद्रीय नोंदवहीत आहे की नाही ते बघा. कूपनातला तिचा वाटा, पैसे किती दिवसांनी मिळणार आणि करार मोडायची अट, या तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या. यंत्र तिच्याकडूनच घ्यावे लागेल म्हणत असेल तर बाजारातला भाव काढा.

करायचे काय

म्हणून तालुका आणि गाव शाखांनी पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या ग्रामपंचायतीत फायबर पोहोचले आहे का, आणि पोहोचले असेल तर आज चालू आहे का. गावात कोणत्या कंपनीची रेंज कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही. ई-पीक पाहणी आणि कपास किसानच्या नोंदणीसाठी गावातल्या किती जणांना बाहेर जावे लागले आणि हेलपाट्याला किती खर्च आला. या याद्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल. नुसता ‘नेट नाही’ म्हणून ओरडा केला तर तो साहेबांच्या कानावर पडून विरून जातो. गावाचे नाव आणि आकडा घेऊन गेलो तर उत्तर द्यावे लागते.

ज्या तरुणांना दुकान टाकायचेच आहे त्यांनी आधी एक महिना चौकात बसून मोजावे. किती माणसे येतात, किती वेळ थांबतात, किती जण दुसऱ्याचा हॉटस्पॉट मागतात. रोजचा आकडा वहीत मांडावा. तो अकराच्या खाली असेल तर डबी घेऊ नये, पंचवीसच्या वर असेल तर घरच्या पैशातून घ्यावी. मधला असेल तर चालू दुकानाला जोड म्हणूनच घ्यावी. आणि पहिल्या दिवसापासून समजून असावे की हा धंदा पाच-दहा वर्षांचा आहे. उद्या रेंज सुधारली, डेटा पुन्हा स्वस्त झाला, तर पिवळ्या पाटीसारखी ही पाटीही उतरवावी लागेल. तोवर जे मिळेल ते विहिरीच्या गाळात, ठिबकात, पोरांच्या शिक्षणात घालावे.

परवाना न मागता दुकान उघडायचे स्वातंत्र्य या एका धंद्यात सरकारने दिले आहे. ते वापरा. आणि जो हिशेब दहा रुपयांच्या कूपनासाठी वहीत मांडाल, तोच एक क्विंटल कापसासाठीही मांडा. कूपनाचा भाव खर्च पाहून तुम्ही ठरवू शकता. कापसाचा भाव तुम्ही का ठरवू शकत नाही, हा प्रश्न तीच वही तुमच्यापुढे उभा करील.